जर्नल चौक आहे, जर्नल नाही

आपल्याकडे चौकाला पुढाऱ्याचे नाव मिळते, नाही तर संताचे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या समोरच्या तीरावर जर्सी सिटी नावाचे गाव आहे. तेथल्या मुख्य चौकाला चक्क एका वर्तमानपत्राचे नाव आहे. जर्नल स्क्वेअर! मॅनहॅटनहून निघालेली भुयारी गाडी हडसन नदीच्या तळाखालून येऊन तेथे थांबते. बाहेर पडून न्यूअर्क ॲव्हेन्यूकडे वळावे, तो फोडणीचा वास येतो, साड्यांची दुकाने दिसतात, मिठाईची ताटे मांडलेली असतात. या भागाला लोक 'लिटिल बॉम्बे' म्हणतात. आपण मुंबईची पाटी बदलून किती वर्षे झाली, पण तिकडे अजून बॉम्बेच चालू आहे.

२०२५ सालच्या दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत माझा मुक्काम मुलीकडे याच गावात होता. सकाळी उठून पहिल्या चहाबरोबर गावचे वर्तमानपत्र चाळण्याची माझी जुनी खोड. दुसऱ्याच दिवशी मी जावयांना विचारले, "काहो, येथले स्थानिक पत्र कोणते?" ते हसून म्हणाले, "बाबा, चौक आहे तो. पत्र फेब्रुवारीत बंद पडलं."

चौक उरला आणि पत्र गेले, ही गोष्ट मला काही केल्या सोडीना. मग मी तिच्या मागेच लागलो.

'जर्सी जर्नल' १८६७ साली निघाले. अमेरिकेतले यादवी युद्ध संपून दोनच वर्षे झाली होती. पुढे पत्राची कचेरी ज्या चौकात आली, त्या चौकाला पत्राचे नाव पडले. या गावाचे राजकारण मात्र पहिल्यापासून भलते तिखट. फ्रँक हेग नावाचा एक गृहस्थ १९१७ ते १९४७ अशी तब्बल तीस वर्षे येथे महापौर होता. पगार बेताचाच, पण मेला तेव्हा लक्षाधीश. त्याच्या टेबलाचा एक खण म्हणे समोर बसणाऱ्याच्या बाजूने उघडे. पाहुण्याने पाकीट आत ठेवावे, खण ढकलावा आणि मग कामाचे बोलावे. दंतकथा असेल, पण हेगचे नाव निघाले की ती सांगितल्यावाचून कोणाला राहवत नाही. 'जर्नल'शी बिनसले तेव्हा त्याने पत्राच्या इमारतीवरचा कर वाढवला, थिएटरवाल्यांना जाहिराती बंद करायला सांगितले आणि चौकाचे नावही बदलू पाहिले, असे सांगतात. लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. पत्र काही नेहमीच शूर होते असे नाही. कोणते पत्र असते? पण महापौराला ज्याचा राग यावा असे काहीतरी गावात होते, हे खरे.

आपल्या लोकांचा या पत्राशी संबंध आला तो १९८७ साली, आणि तो आठवला की अजून अंगावर काटा येतो. त्या सुमारास येथे भारतीय वस्ती वाढू लागली होती, विशेषतः गुजराती व्यापाऱ्यांची. वस्तीबरोबर टवाळी वाढली, टवाळीचे दगड झाले. 'जर्नल'ने या त्रासाविषयी लिहिले. त्यावर ऑगस्ट महिन्यात पत्राच्या कचेरीत एक निनावी चिठ्ठी आली. लिहिणारी टोळी स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवीत होती. डॉट म्हणजे ठिपका, आपल्या बायकांच्या कपाळावरचे कुंकू! भारतीयांना गावातून हुसकून लावू, टेलिफोनच्या पुस्तकातून पटेल आडनाव शोधून काढू, अशी त्यात धमकी होती. 'जर्नल'ने ती चिठ्ठी छापली.

सप्टेंबर संपता संपता शेजारच्या होबोकन गावात एका तरुण पारशी बँक अधिकाऱ्याला पोरांच्या टोळक्याने इतके मारले की काही दिवसांत तो दगावला. त्याच सुमारास जर्सी सिटीत एका भारतीय डॉक्टरला बेशुद्ध होईपर्यंत बडवण्यात आले. होबोकनच्या खटल्यात खुनाचा गुन्हा कोणावरही शाबीत झाला नाही. न्यूअर्क ॲव्हेन्यूवरच्या एका वयस्क किराणा दुकानदाराने मला त्या दिवसांविषयी सांगितले, "भाई, आमच्या घरातल्या बायका टिकली पुसून बाहेर निघत. साडी तर नकोच." मग तो थोडे थांबून म्हणाला, "पण पेपरात छापून आलं, म्हणून आम्हाला कळलं की हे एकट्या माझ्याच काचेवर होत नाही."

ती चिठ्ठी छापावी की नाही, यावर संपादकांत खल झाला असेलच. गुंडांना फुकटची प्रसिद्धी मिळते, हा आक्षेप खोटा नाही. परंतु माझ्या मते छापले तेच बरे केले. ती टोपलीत गेली असती तर प्रत्येक दगड हा पोरांचा खोडकरपणा ठरला असता. छापल्यामुळे धमकीला तारीख मिळाली, नाव मिळाले. भारतीय मंडळी एरवी आपापल्या गल्ल्यावर बसणारी. ती मोर्चे काढून रस्त्यावर आली. न्यूयॉर्क-वॉशिंग्टनच्या मोठ्या पत्रांनी नंतर दखल घेतली खरी, पण आधी गावच्या पत्राने घेतली होती. १९९० साली न्यू जर्सी राज्याने वंशद्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांसाठी वेगळा कायदा केला.

असे हे पत्र १ फेब्रुवारी २०२५ रोजी, एकशे सत्तावन्न वर्षे निघाल्यावर बंद झाले. कचेरी २०१४ सालीच चौक सोडून सिकॉकस गावी गेली होती; जुन्या इमारतीच्या माथ्यावर पत्राच्या नावाची लाल अक्षरे तेवढी राहिली. बंद होताना खप पंधरा हजारांच्या आत आला होता. शेवटचा घाव छापखान्याचा: 'स्टार-लेजर' हे राज्यातले सर्वांत मोठे दैनिक त्याच मालकांचे; त्याने कागदावर छापणे थांबवून केवळ इंटरनेटवर जायचे ठरवले, छापखाना बंद केला, आणि 'जर्नल' छापायला जागा उरली नाही. खरा रोग जुनाच. घर भाड्याने देणे, जुनी मोटार विकणे, माणूस हवा आहे, असल्या छोट्या जाहिरातींवर वर्तमानपत्राचा संसार चालतो. त्या जाहिराती इंटरनेटवर फुकट येऊ लागल्या, आणि दुकानदारांच्या मोठ्या जाहिराती गूगल-फेसबुककडे गेल्या. २००५ पासून अमेरिकेतली तीन हजारांहून अधिक वर्तमानपत्रे अशी मिटली आहेत; अलीकडचा हिशेब आठवड्याला सुमारे दोनचा पडतो.

मुलीच्या घरी शनिवारी मित्रमंडळी जमत. सारी शिकलेली, चांगल्या पगाराची. वॉशिंग्टनमध्ये काल काय झाले, कोणी कोणाला काय सुनावले, हे प्रत्येकाच्या जिभेवर. वादही हिरिरीचे, एकदा तर दोन जिवलग मित्र गुलाबजाम न खाताच उठून गेले. मी मध्येच विचारले, "तुमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण?" सगळे एकमेकांकडे पाहू लागले. घरपट्टी वाढल्याचे मात्र सर्वांना ठाऊक होते. ती कोणी, कोणत्या सभेत, कशासाठी वाढवली, हे सांगणारा कोणी नव्हता.

आणि हा मुलूख लक्ष ठेवल्यावाचून सोडण्यासारखा मुळीच नाही. जुलै २००९ मध्ये केंद्रीय पोलिसांनी एका दिवसात चव्वेचाळीस जणांना पकडले. त्यांत होबोकनचे महापौर होते, आणि त्या खुर्चीवर बसून त्यांना तेवीसच दिवस झाले होते! याच काउंटीतल्या युनियन सिटीचे एके काळचे महापौर बॉब मेनेंडेझ पुढे सिनेटर झाले. त्यांच्या घराच्या झडतीत रोख चार लाख ऐंशी हजार डॉलर आणि सोन्याच्या विटा सापडल्या. त्यांना अकरा वर्षांची शिक्षा सुनावली गेली २९ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे 'जर्नल'चा शेवटचा अंक निघण्याच्या तीन दिवस आधी. सोन्याच्या विटा केंद्रीय पोलीस शोधतात. पण शाळेच्या छपराचे कंत्राट कोणाच्या मेव्हण्याला मिळाले, हे शोधायला कोणी वॉशिंग्टनहून येत नाही. त्यासाठी रात्री अकरापर्यंत चालणाऱ्या कंटाळवाण्या सभेत, मागच्या बाकावर, जांभया देत बसणारा एक बातमीदार लागतो.

सगळे संपले असे म्हणणे अन्यायाचे होईल. काही स्थानिक बातमीपत्रे इंटरनेटवर निघतात, आणि काही खरोखर चांगले काम करतात. मुलीला मी एक दाखवले, तेव्हा तिने ते प्रथमच पाहिले. दारात पडणाऱ्या पत्राला शोधावे लागत नसे, हाच काय तो फरक. पण तो केवढा!

मी तेथे असतानाच गावच्या महापौरपदाची निवडणूक आली. 'जर्नल' नसतानाची ही पहिलीच. नोव्हेंबरात कोणालाच पुरेशी मते पडली नाहीत, म्हणून २ डिसेंबरला दोघांत पुन्हा सामना झाला: एक नगरसेवक जेम्स सॉलोमन, दुसरे राज्याचे माजी गव्हर्नर जिम मॅकग्रीव्ही. घरभाडी परवडत नाहीत हा मोठा प्रश्न. पत्रपेटीत रोज उमेदवारांची गुळगुळीत रंगीत पत्रके येत. एकात जो साधू, तोच दुसऱ्यात चोर. ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर साठत गेली. सॉलोमन निवडून आले. मतदानाच्या आदल्या रात्री मुलगी तो गठ्ठा पुढ्यात घेऊन बसली होती. मला म्हणाली, "बाबा, यातलं खरं काय ते कुठे बघायचं?"