पोर अंगणात, पाणी दाराशी

आषाढ लागला की अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यात लावणीची घाई उडते. आईबाप शेतावर आणि चार वर्षांचे पोर आठ वर्षांच्या ताईच्या हवाली! घरामागे जिताड्याचे तळे काठोकाठ भरलेले, वाडीत विहीर नि हौद. ‘पाण्याकडे जाऊ नको म्हणून बजावलंय त्याला,’ असे म्हणून आपण निर्धास्त कामाला लागतो. मायबहिणींनो, चूक होते ती इथेच.

बुडण्याचा धोका १ ते ४ वर्षांच्या मुलांना सर्वांत जास्त, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या वयात ‘नको’ हा शब्द कळतो, धोका कळत नाही. चेंडू पाण्यात पडला की पोर त्याच्यामागे जाणारच. वीतभर पाणीही त्याचा घात करते आणि बुडताना बहुधा ओरडायलाही सवड मिळत नाही.

म्हणून पाचव्या वर्षापर्यंत उपदेशापेक्षा राखण महत्त्वाची. तळ्याला कुंपण घाला, विहिरीला कठडा व जाळी बसवा, हौद झाका, बादल्या पालथ्या ठेवा. शिवाय मोठ्या माणसाचा डोळा हवाच. ताई स्वतःच लहान आहे. बांगलादेशात खेड्यापाड्यांतून आया कामात असतात त्या वेळेत, सकाळी नऊ ते एक, लहान मुले एका बाईकडे सांभाळायला ठेवण्याची सोय झाली आणि बुडण्याच्या घटना पुष्कळ घटल्या. आपणही लावणीच्या दिवसांत आळीपाळीने एकीने मागे राहून वाडीतली पोरे सांभाळावीत. तिच्या शेताचे काम बाकीच्यांनी फेडावे.

सहाव्या वर्षापासून मात्र शिकवायला लागा. जाणत्याच्या देखरेखीखाली पोहायला शिकवा. उघाडीच्या तोंडाशी पाण्याला ओढ असते, तिथे फिरकायचे नाही, हे जागेवर नेऊन दाखवा. भरतीचे गणितही सांगा : अष्टमीला साधारण सहाला, पुनवेला नि अवसेला बाराच्या सुमारास भरती, रोज पाऊण-एक तास पुढे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, पण भरतीला त्याच वाटेवर पाणी चढते, हे पोराला डोळ्यांनी पाहू द्या.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला बांधून ठेवू नका. पण ‘एकटा जायचे नाही, सांगून जायचे’ एवढी अट असू द्या. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. ती तर कॉलेजची मुले होती. वय वाढले म्हणून समुद्र कळतो असे नाही.

आणि दुर्दैवाने पोर बुडालेच, तर उलटे टांगू नका, पोट दाबू नका. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ क्रमांकावर फोन करायला सांगा.

लावणी एक दिवस मागे पडली तर चालेल. आज संध्याकाळी तेवढे घरामागच्या तळ्याचे कुंपण पाहून घ्या.