ओठावर फोड आलेत? डॉक्टरला मोबाईलवर दाखवा, पण पहिल्याच दिवशी



कांदा काढणीच्या उन्हात ओठाच्या कडेला पाणी भरलेले बारीक फोड बऱ्याच जणांना येतात. आपण म्हणतो, उष्णता बाहेर पडली. खरं कारण हर्पीस हा विषाणू. एकदा अंगात शिरला की तो नसांमध्ये दडून बसतो आणि ताप, थकवा, कडक ऊन असं निमित्त मिळालं की परत वर येतो. बहुतेकांचं 7 ते 10 दिवसांत आपोआप बरं होतं.

मग डॉक्टर कशाला? ज्यांना हे वारंवार येतं त्यांना माहीत आहे, फोड दिसायच्या आधी ओठ चुणचुणतो, आग होते. विषाणूवरच्या गोळ्यांचा फायदा तेव्हाच होतो. आपण मात्र बाजाराच्या दिवशी, खपली धरल्यावर दवाखान्यात जातो. करपा पातभर पसरल्यावर फवारणी केल्यासारखं आहे हे!

यासाठी सरकारची ई-संजीवनी सेवा आहे, मोफत. अ‍ॅपमध्ये मोबाईल नंबर टाका, ओटीपी येईल, नोंदणी करून टोकन घ्या. नंबर लागला की डॉक्टर व्हिडिओवर बोलतात आणि औषधाची चिठ्ठी मोबाईलवरच येते, ती मेडिकलमध्ये दाखवा. साधा फोन असेल किंवा रेंज नसेल तर गावातल्या उपकेंद्रात जा, तिथले आरोग्य अधिकारी जोडून देतात. या सेवेच्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

उजेडात बसून बोला. फोड कधी आले, आधी किती वेळा आले ते सांगा. गरोदर असाल, किडनीचा त्रास असेल, कॅन्सर किंवा एचआयव्हीचे उपचार चालू असतील तर विचारायची वाट न बघता आधी सांगा, औषध त्यावर ठरतं.

डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, तर मोबाईलवर वेळ घालवू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, नजर जाऊ शकते. तंबाखू-मिश्री खाणाऱ्यांनो, ओठावरची जखम 2-3 आठवड्यांत भरली नाही तर ते साधे फोड समजू नका, दवाखान्यात प्रत्यक्ष दाखवा.

चुना, टूथपेस्ट लावू नका. मेडिकलमधून न विचारता आणलेली खाजेची ट्यूबही नको. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, त्याने फोड चिघळतात.

आणि फोड असेपर्यंत तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नका, कितीही लाडाचं असलं तरी. नवजात बाळाच्या हा विषाणू जिवावर बेततो. शेतात पाण्याची बाटली, टॉवेल, बिडी वेगळी ठेवा. फोडाला हात लागला तर साबणाने धुवा. ज्यांना दर उन्हाळ्यात त्रास होतो त्यांनी काढणीला जाताना तोंडाला रुमाल बांधावा.