चेक गावातच राहतो, फोटो पुण्याला जातो

समजा, वेल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने इंद्रायणी तांदूळ विकला आणि पुण्याच्या व्यापाऱ्याने त्याच्या हातात चेक ठेवला. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, गाव मात्र वेल्हेच.) शेतकऱ्याने तो गावातल्या बँकेत भरला. तिथून तो व्यापाऱ्याच्या बँकेपर्यंत, पुण्याला, कसा जातो?

जातच नाही. पूर्वी जायचा. ‘बाहेरगावचा आहे, कलेक्शनला पाठवलाय’ हे उत्तर ऐकत माणसं बँकेत खेटे घालायची. आता काउंटरमागच्या स्कॅनरमधून चेक एकदा सरकतो आणि त्याचे तीन फोटो निघतात. दर्शनी बाजूचा एक करड्या छटांमधला, १०० डीपीआयचा (म्हणजे इंचाला १०० ठिपके). त्याच बाजूचा दुसरा निव्वळ काळा-पांढरा, २०० डीपीआयचा. तिसरा पाठीचा, तोही काळा-पांढरा. तळाच्या पांढऱ्या पट्टीतले आकडे लोहयुक्त चुंबकीय शाईत छापलेले असतात, ते यंत्र चुंबकाने वाचतं. फोटो आणि आकडे तारेतून पुढे जातात, कागद मागे राहतो. चेकचा प्रवास असा मध्येच तोडण्याला ‘चेक ट्रंकेशन’ म्हणतात आणि या पद्धतीला ‘चेक ट्रंकेशन सिस्टीम’, थोडक्यात सीटीएस. दिल्लीत हे १ फेब्रुवारी २००८ ला सुरू झालं, चेन्नईत २०११ मध्ये, मुंबईत २०१३ मध्ये. ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत प्रत्येक शाखा या पद्धतीत आणा, असं रिझर्व्ह बँकेने त्या वर्षीच्या मार्चमध्ये बँकांना सांगितलं. डोंगरातल्या शाखांपुरतं बोलायचं तर मला ही शेवटची तारीखच सगळ्यात मोठी वाटते.

कागदाऐवजी फोटो जाणार म्हटल्यावर कागदच नव्याने आखावा लागला. तोवर बँका चेकवर हौसेने गडद नक्षी छापत. डोळ्यांना ती बरी दिसे, पण काळ्या-पांढऱ्या फोटोत त्या नक्षीचा आणि सहीचा एकच चिखल व्हायचा. म्हणून २२ फेब्रुवारी २०१० च्या परिपत्रकाने ‘सीटीएस-२०१०’ हा नमुना ठरवला: फिकट रंग, मोकळी पार्श्वभूमी आणि काही लपवलेल्या खुणा.

या खुणांमधली सगळ्यात चतुर म्हणजे पार्श्वभूमीत दडवलेला ‘कॉपी’ किंवा ‘व्हॉइड’ हा शब्द. तो शब्द एका जाडीच्या ठिपक्यांनी भरलेला असतो आणि भोवतीची जागा वेगळ्या जाडीच्या. दोन्हीकडे शाई सारखीच पडते, त्यामुळे आपल्या डोळ्याला सलग फिकट रंग दिसतो. झेरॉक्स यंत्राला बारीक ठिपके पकडता येत नाहीत. ते गळतात, जाड उरतात, आणि नकलेवर शब्द उमटतो. गंमत अशी की बँकेच्या ठरावीक डीपीआयच्या फोटोत तो उमटता कामा नये, अशीही अट आहे. म्हणजे एका यंत्राने चोर पकडायचा आणि दुसऱ्याने डोळा मिटायचा.

दुसरी खूण कागदाच्या अंगातच असते. चेक उजेडासमोर धरा. ‘सीटीएस-इंडिया’ असा लंबगोलातला जलचिन्हाचा ठसा दिसेल. लगदा ओला असताना साच्याने तंतूंची जाडी कमी-जास्त केलेली असते, वरून छापून तो परिणाम साधत नाही. तिसरी खूण जांभळ्या दिव्याची. कपडे धुण्याच्या पावडरीत असतं तसं उजळक द्रव्य साध्या पांढऱ्या कागदात असतं. ते अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतं, म्हणून नाटकातल्या जांभळ्या उजेडात पांढरा सदरा झगझगतो. चेकच्या कागदात हे द्रव्य घालायचं नसतं. त्यामुळे दिव्याखाली कागद काळवंडलेला राहतो आणि अदृश्य शाईतलं बँकेचं बोधचिन्ह तेवढं चमकतं.

आता पेच बघा. जलचिन्ह उजेडासमोर धरल्याशिवाय दिसत नाही, बोधचिन्ह जांभळ्या दिव्याशिवाय दिसत नाही. पुण्यात ज्याच्या खात्यातून पैसे जाणार, त्या बँकेपुढे येतो तो नुसता फोटो. कागद हातात धरून पाहणारा शेवटचा माणूस वेल्ह्याच्या काउंटरवरच बसलेला असतो. म्हणूनच २००२ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने चेक सकृतदर्शनी खरा आहे का हे पाहण्याची जबाबदारी पैसे वसूल करणाऱ्या बँकेवर टाकली आहे.

शेजारच्या भोरला हे काम नवं वाटू नये. भोर हे पंतसचिवांचं संस्थान. अष्टप्रधानांतला सचिव, म्हणजे सुरनीस, राजपत्रं वाचून त्यातलं अधिक-उणं दुरुस्त करायचा. छत्रपती राजारामांच्या काळात सचिव झालेले शंकराजी नारायण हे या घराण्याचे मूळपुरुष. कागद तपासणाऱ्याच्या घराण्यात राज्य आलं, असं हे गाव. त्या काळी पत्राच्या शेवटी मर्यादेचा शिक्का मारत, खाली कोणी ओळ घुसडू नये म्हणून. आपण चेकवर अक्षरी रकमेपुढे ‘मात्र’ लिहून रेघ ओढतो, ती त्याच कुळातली.

सुरनिसाला दुरुस्तीची मुभा होती, आपल्याला नाही. तारखेची मुदत वाढवण्यापुरती सूट सोडली, तर खाडाखोड केलेला चेक या पद्धतीत चालत नाही. खरवडून पातळ झालेला कागद बोटाला कळतो, फोटोत कळत नाही. बचत गटांनी यातलं एक लक्षात ठेवावं. अध्यक्ष आणि सचिव (हा शब्द इथेही आहेच) यांच्या सह्यांवर गटाचा गोल शिक्का ठोकू नये, काळ्या-पांढऱ्या फोटोत सही त्याखाली बुडते.

जुने चेक बाद करायला मात्र बराच वेळ गेला. २०१२ अखेरची मुदत मार्च २०१३, मग जुलै, मग डिसेंबर अशी सरकत गेली. मुदत म्हणजे वाढवायचीच गोष्ट, हे आपल्याकडे बँकांनाही ठाऊक! कर्जाच्या हप्त्यांसाठी आगाऊ तारखांचे चेक देऊन ठेवलेल्यांना ते बदलून द्यावे लागले. २०१४ पासून जुन्या चेकचं समाशोधन (क्लिअरिंग) आठवड्यातून तीन दिवस, पुढे दोन, मग एकच दिवस होऊ लागलं, आणि २०१८ संपताना तेही थांबलं. घरातल्या पत्र्याच्या पेटीत जुनं चेकबुक असेल, तर डाव्या कडेला फाडायच्या रेघेजवळची बारीक छपाई भिंगाने पाहा. ‘सीटीएस-२०१०’ नसेल, तर नवं मागवा.

ताजा बदल वेळेचा आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून गठ्ठे बांधून ठेवण्याची रीत गेली. दिवसाच्या ठरलेल्या वेळात चेक जसे येतील तसे फोटो पुढे जातात, आणि पैसे देणाऱ्या बँकेने संध्याकाळी ७ पर्यंत होकार-नकार कळवायचा असतो. चेक आज देऊन खात्यात पैसे उद्या भरण्याची पुण्याच्या व्यापाऱ्याची जुनी सवय इथे अडकते. रक्कम ५० हजार किंवा त्याहून जास्त असेल, तर ‘पॉझिटिव्ह पे’खाली चेकची तारीख, नाव आणि रक्कम आपल्या बँकेला आधीच कळवून ठेवता येते, म्हणजे फोटोशी ताडून पाहायला तिच्या हाती काहीतरी असतं.

आणि तो मूळ कागद? वेल्ह्यात चेक भरून घेणाऱ्या बँकेला तो १० वर्षं जपून ठेवावा लागतो.