‘तिकडे सगळंच स्वस्त’: किराणा दुकानाबद्दलचे काही गैरसमज

नंदुरबारला हिवाळा लागला की शहराबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडते. नाकाला रुमाल लावल्याशिवाय तिथून जाता येत नाही. आणि याच गावातली मंडळी सुरतेला गेली की तिथल्या मोठ्या दुकानातून मिरची पावडरची पाकिटं घेऊन येतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘तिकडे सगळंच स्वस्त असतं.’

घोळ आहे तो त्या ‘सगळंच’मध्ये. साबण, बिस्किटं, धुण्याची पावडर यांच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे आणि गल्लीतल्या दुकानदारानेही ते मान्य करावं. साखळी दुकानं कंपनीकडून गाड्याच्या गाड्या माल उचलतात आणि थोड्या नफ्यावर भराभर खपवतात. डीमार्टचा ढोबळ नफा विक्रीच्या साधारण १५ टक्के असतो, त्यातच पगार, वीज, सगळं भागवायचं. वितरकाकडून पेटी-दोन पेट्या घेणाऱ्याला तो भाव परवडणार कसा? पण सुटी डाळ, गूळ, मिरची म्हटलं की गणित पालटतं. सुट्या मालाला एमआरपी नसते, भाव प्रतीवर ठरतो. नवापूरच्या तूरडाळीला तर भौगोलिक मानांकन आहे, ती आपल्याच जिल्ह्यात पिकते. मिरचीच्या पाकिटाच्या किमतीत दळण, पाकीट, वाहतूक आणि जाहिरात धरलेली असते. मिरची बाजारातून आणून, देठं खुडून कांडपावर नेणाऱ्या बाईला हे कोणी समजावून सांगायला नको.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं, हेही तसंच ऐकीव. शाम्पूची एक रुपयाची पुडी आणि मोठी बाटली, दोन्हींवरचे मिलिलिटर वाचा आणि किमतीला भागून बघा. पुष्कळदा पुडीच जिंकते. टपरीवर टांगलेली ती माळ गरिबाची नाइलाजाची खरेदी आहे असं आपण समजतो, प्रत्यक्षात ती हिशेबी असते.

एमआरपीचाही अर्थ लोक उलटा लावतात. ती कमाल किंमत आहे, सगळे कर धरून. त्याहून कमीत विकायला कोणाचीच आडकाठी नाही, जास्त घेणं मात्र गुन्हा. ‘थंड करायचे दोन रुपये’ हे कुठल्याही कायद्यात बसत नाही. यूपीआयने पैसे दिले म्हणून वर रुपया-दोन रुपये मागणंही चुकीचं, कारण जानेवारी २०२० पासून अशा व्यवहारावर दुकानदाराला शुल्क नाही. डिजिटल ओळखीचं देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातच, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्या जिल्ह्यात तरी ‘आमच्याकडे ऑनलाइनला जास्त पडतात’ ही सबब चालू नये.

सर्वांत जुना आरोप म्हणजे ‘जीएसटीचं बिल देत नाही, म्हणजे कर बुडवतो.’ महाराष्ट्रात माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे त्याला जीएसटी नोंदणीच लागत नाही. भागाकार केला तर दिवसाला अकरा हजारांच्या आत गल्ला. खेड्यातली कितीतरी दुकानं याच्या खालीच असतात. दीड कोटीपर्यंतचा व्यापारी कंपोझिशन योजना घेऊ शकतो. तो उलाढालीवर १ टक्का कर स्वतः भरतो आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही, म्हणून त्याच्या बिलावर जीएसटीचा रकाना दिसत नाही. मात्र जीएसटीचा रकाना नसणं वेगळं आणि बिलच नसणं वेगळं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘घरचाच माणूस आहे, बिल कशाला?’ असं म्हणणारे शेठ इथे चुकतात.

आता उधारी. खांद्यावरची पिशवी ओट्यावर ठेवत गिऱ्हाईक म्हणतं, ‘शेठ, लिखी ठेवा, होळीले देसू.’ शेठ वही उघडतो, बोटाला थुंकी लावून पान काढतो आणि आकडा टाकतो. धडगाव, अक्कलकुव्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात जातात, हातात पैसा येतो तो परतल्यावर. असं खातं साखळी दुकान उघडत नाही. पण उधारी फुकट असते, हा भाबडेपणा आहे. अडकलेल्या पैशाची किंमत बहुधा मालाच्या भावात आलेली असते, म्हणून रोखीचा भाव वेगळा विचारून बघावा. वहीतल्या आकड्याचा फोटो मोबाइलवर काढून ठेवावा, त्यात शेठने राग मानायचं कारण नाही. उलट बाजूही आहे. स्वस्त मालासाठी धडगावहून चांदसैली घाट उतरून तळोद्यामार्गे नंदुरबारला यायचं, तर गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी धरल्यावर किलोमागे वाचलेले चार रुपये कुठे उरतात?

‘मोठ्यांपुढे छोटे संपणारच’ हे भाकीत तर वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. सुभिक्षा या साखळीची दीड हजारांहून जास्त दुकानं २००९ मध्ये बंद पडली, बिग बाजारचं नाव २०२२ मध्ये मिटलं. वारणानगरला मात्र सहकारातून १९७८ मध्ये सुरू झालेला वारणा बाजार ग्रामीण भागातच वाढला. तेव्हा दुकानाच्या आकारावरून भविष्य सांगण्यात अर्थ नाही.

छोट्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटतं ते बहुतेकदा काट्यावर. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची दर बारा महिन्यांनी वैध मापन शास्त्र विभागाकडून पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो, आणि तो शिक्का बघायला मागणं हा तुमचा हक्क आहे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, मग ती सुरतेच्या मॉलविरुद्ध असो की गल्लीतल्या शेठविरुद्ध.