युद्धखेळातील तोफखाना : विसंगत वर्तनाची कसोटी

युद्धखेळ हा शब्द कानी पडताच करमणुकीची कल्पना मनात येते. परंतु ज्या खेळाने ह्या परंपरेचा पाया घातला, तो तोफखान्याच्याच एका अधिकाऱ्याने लष्करी शिक्षणासाठी सिद्ध केलेला होता. प्रशियाच्या सैन्यातील लेफ्टनंट फॉन राइसविट्झ ह्याने १८२४ मध्ये आपल्या खेळाचे नियम प्रसिद्ध केले. १:८००० प्रमाणाचा नकाशा, २ मिनिटांच्या काळाची एक फेरी, लाल व निळ्या रंगांचे ठोकळे आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये बसलेला तटस्थ पंच, ही त्याची मुख्य अंगे होती. गोळीबाराचे फळ पंचाच्या लहरीवर न सोडता ते अंतरानुसार केलेल्या कोष्टकांवर व फाशांवर सोपविलेले होते. फाशाची योजना सोयीसाठी नव्हती. एकच तोफ, एकच नेम व एकच अंतर असूनही दोन गोळे एकाच जागी पडत नाहीत, हा तोफखान्याचा नित्याचा अनुभव त्या फाशात साठविलेला होता.

फासा आला की त्याच्या पाठोपाठ शंकाही येते. एखाद्या डावात तोफा डागूनही शत्रूला ओरखडा उमटत नाही. एखादी तुकडी खंदक सोडून भर माळावर धावत सुटते. उघड्या मैदानातून गेलेले रणगाडे सुखरूप पैलपार पोचतात. अशा वेळी खेळाडू म्हणतो, ‘खेळात चूक आहे’. हे विधान सिद्ध कसे करावयाचे, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. कारण अशाच खेळांवरून सेनाधिकाऱ्यांनी निर्णय घेतले आहेत आणि त्या निर्णयांवर माणसांचे प्राण अवलंबून राहिले आहेत.

विसंगतीची चार कारणे

चकविणाऱ्या वर्तनाची कारणे स्थूलमानाने चार संभवतात. पहिले, नियमच वास्तवाशी विसंगत असणे. दुसरे, नियम योग्य असूनही त्याची अंमलबजावणी सदोष असणे. संगणकावरील खेळांत हा दोष विशेष संभवतो, कारण तेथे नियम खेळाडूच्या दृष्टीआड असतो. तिसरे, केवळ योगायोग. आणि चौथे, ज्याकडे सहसा दुर्लक्ष होते ते, म्हणजे खेळाडूची वास्तवाविषयीची समजूतच चुकीची असणे. बाह्य लक्षण चारही ठिकाणी एकच असते. निदान मात्र भिन्न. म्हणून लक्षणावरून थेट निदानाकडे उडी घेणे हा पहिला प्रमाद होय.

योगायोगाची मर्यादा

उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. समजा, तोफेचे गोळे नेमाच्या बिंदूभोवती दोन्ही दिशांना सारख्याच प्रमाणात विखुरतात व प्रत्येक दिशेतील प्रमाण विचलन ५० मीटर आहे. लक्ष्य म्हणजे नेमाच्या बिंदूभोवतालचे २५ मीटर त्रिज्येचे वर्तुळ. त्रिज्येचा वर्ग ६२५, प्रमाण विचलनाच्या वर्गाची दुप्पट ५,०००, भागाकार ०.१२५. प्रसामान्य वितरणाच्या सूत्रानुसार एक गोळा वर्तुळात पडण्याची संभाव्यता ०.११७५, म्हणजे शंभरात सुमारे १२ येते. आता ४ तोफांनी प्रत्येकी ३ गोळे डागले, तर १२ पैकी एकही गोळा वर्तुळात न पडण्याची संभाव्यता ०.२२३ होते. लागोपाठ दोन मारे असे सर्वस्वी वाया जाण्याची संभाव्यता ०.०५ च्या जवळपास आहे.

अर्थात, नियम निर्दोष असतानाही दर चार-पाच माऱ्यांत एक मारा साफ फुकट जाणार आणि वीस जोड्यांत एक जोडी तशीच जाणार. शेकडो डाव खेळणाऱ्याला हा अनुभव वारंवार येईल. त्यातच मनुष्याची स्मृती पक्षपाती असते. फुकट गेलेला मारा लक्षात राहतो, अपेक्षेप्रमाणे पडलेला विसरला जातो. सबब, डावातील आठवणी हा पुरावा नव्हे; त्या फार तर चौकशीचे निमित्त होत.

काय मोजावयाचे

दुसरा प्रश्न मोजमापाचा. समजा, खेळात खरोखरच दोष असून सर्व गोळे नेमापासून ५० मीटर उत्तरेकडे सरकून विखुरतात. अशा स्थितीत एक गोळा वर्तुळात पडण्याची संभाव्यता सुमारे ०.०७३ होते आणि १२ गोळ्यांचा मारा सर्वस्वी फुकट जाण्याची संभाव्यता सुमारे ०.४० होते. निर्दोष खेळात हीच संख्या ०.२२ होती. ह्या दोहोंमधील भेद केवळ ‘लागला’ वा ‘न लागला’ अशा नोंदींवरून ओळखू पाहणाऱ्याला पुष्कळच मारे करावे लागतील.

परंतु प्रत्येक गोळा नेमका कोठे पडला ह्याची नोंद केली, तर चित्र पालटते. १२ गोळ्यांच्या पतनबिंदूंचा मध्य काढल्यास त्याची प्रमाण त्रुटी ५० भागिले १२ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १४ मीटर एवढीच राहते. ५० मीटरांचे सरकणे ह्या त्रुटीच्या साडेतीनपट असल्यामुळे ते लपून राहणे कठीण. तात्पर्य, प्रयोगांची संख्या वाढविण्याआधी नोंद अधिक अर्थपूर्ण करता येते का, हे पाहावे.

तथापि येथे एक खाचखळगा आहे. प्रत्यक्ष तोफखान्यात चूक दोन प्रकारची असते. एक, प्रत्येक गोळ्याचे स्वतंत्र विखुरणे; दुसरी, निरीक्षकाने अंतर चुकीचे आजमावल्यामुळे वा हवामानामुळे संपूर्ण माऱ्याचाच मध्य ढळणे. ही दुसरी चूक एका माऱ्यातील सर्व गोळ्यांना समाईक असते. ज्या खेळात ती अंतर्भूत आहे, त्यात एका माऱ्याचे १२ गोळे ही बारा स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. मध्याच्या दृष्टीने ते एकच निरीक्षण होय. म्हणून एकच मारा ५० मीटर उत्तरेस पडला एवढ्यावरून नियमात दोष आहे असे म्हणता येत नाही. तेच लक्ष्य, तोच निरीक्षक व तीच परिस्थिती ठेवून अनेक मारे करावेत. मध्य दर वेळी निराळ्या दिशेस ढळला, तर ती निरीक्षकाची चूक खेळाने मुद्दाम दाखविलेली आहे. तो दर वेळी उत्तरेसच ढळला, तर मात्र संशयाला आधार मिळतो.

एका वेळी एकच बदल

गोळ्यांच्या विखुरण्याचा आकार हाही गैरसमजाचे मूळ ठरतो. गोळे लक्ष्याच्या पुढेमागे फार व आजूबाजूस कमी पडत असल्यास नवख्याला ते विचित्र वाटते. वस्तुतः खऱ्या तोफांचे विखुरणे साधारणतः असेच लंबवर्तुळाकार असून त्याचा दीर्घ अक्ष तोफ व लक्ष्य ह्यांना जोडणाऱ्या रेषेवर असतो. चौथ्या कारणाचे हे उत्तम उदाहरण होय: खेळ बरोबर, अपेक्षा चूक. ह्याची कसोटी सोपी आहे. लक्ष्य तेथेच ठेवून तोफा दक्षिणेकडून पश्चिमेकडे हलवाव्यात. लंबवर्तुळ तोफांबरोबर फिरले, तर खेळ तोफेच्या रेषेनुसार वागतो. ते पूर्ववत उत्तर-दक्षिणच राहिले, तर विखुरणे नकाशाच्या अक्षांना जखडलेले आहे, आणि तो दोष होय. ह्या प्रयोगात बदलली ती एकच गोष्ट. म्हणूनच निष्कर्ष निःसंदिग्ध निघतो.

तुकड्यांच्या वर्तनालाही हेच सूत्र लागू आहे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॉम्बॅट मिशन’ ह्या संगणकीय खेळात दोन्ही पक्षांनी हुकूम दिल्यावर ६० सेकंदांची कारवाई एकदमच घडते आणि त्या मिनिटात खेळाडूला हस्तक्षेप करता येत नाही. संकटकाळी तुकडी काय करील हे संगणक ठरवितो. अशा खेळात एखादी तुकडी उखळी तोफांच्या माऱ्याखाली आडोसा सोडून पळाली, तर तिचे कारण मारा, थकवा, अननुभव, नायकापासूनचे अंतर वा ह्यांपैकी अनेक असू शकेल. प्रथम मारा वगळून तीच मांडणी चालवावी. मग मारा ठेवून केवळ तुकडीचा अनुभव बदलावा. आणि ह्याच क्रमाने पुढे जावे. साठवून ठेवलेला एकच डाव पुनःपुन्हा उघडताना सावधगिरी बाळगावी. कारण काही खेळांत यादृच्छिक संख्यांची तीच मालिका पुन्हा वापरली जाते व वीस प्रयोग केले असे वाटत असताना वस्तुतः एकच प्रयोग वीस वेळा पाहिला जातो.

नकारात्मक निष्कर्षही जपून काढावा. २० स्वतंत्र प्रयोगांत तुकडी एकदाही पळाली नाही, म्हणजे ती कधीच पळत नाही असे नव्हे. पळण्याची खरी संभाव्यता १४ टक्के असली, तरी वीसही वेळा न पळण्याचा योग शंभरात सुमारे ५ वेळा येईलच.

नियमांच्या सांध्यातील दोष

कित्येकदा प्रत्येक नियम सुटा पाहता योग्य असतो, पण त्यांच्या सांध्यात दोष दडलेला असतो. जेम्स डनिगन ह्यांनी रचलेला व १९७० मध्ये ‘ॲव्हलॉन हिल’ ह्या संस्थेने प्रसिद्ध केलेला ‘पॅन्झरब्लिट्झ’ हा खेळ येथे उद्बोधक ठरतो. रशियातील आघाडीवरील ह्या खेळात नकाशाचा एक षट्कोन २५० मीटरांचा व एक फेरी ६ मिनिटांची आहे. जंगलातील तुकडीवर मारा करण्यास आपली तुकडी तिच्या लगत असावी लागते, हा नियम रास्त आहे. प्रत्येक पक्षाने आपल्या पाळीत मारा व हालचाल करावी, हाही रास्त. परंतु दोहोंच्या संयोगाने असे झाले, की रणगाडे एका जंगलातून निघून शत्रूच्या डोळ्यांदेखत माळ ओलांडत व पाळी संपण्यापूर्वी दुसऱ्या जंगलात शिरत. शत्रूची पाळी येई तेव्हा मारा करण्याजोगे काही उरलेलेच नसे. खेळाडूंनी ह्या प्रकाराला ‘पॅन्झरबुश’ असे थट्टेचे नाव दिले.

तीन षट्कोनांचा माळ म्हणजे ७५० मीटर. ताशी १५ किलोमीटर वेगाने तो ओलांडण्यास ३ मिनिटे लागतात. प्रत्यक्षात तेवढा वेळ रणगाडे तोफांच्या तोंडी असते. खेळात तो वेळ कोणाच्याच वाट्याला येत नव्हता. रणगाड्याचे चिलखत वा तोफेचे सामर्थ्य ह्यांत दोष शोधणाऱ्याला तो कधीच सापडला नसता. दोष काळाच्या विभागणीत होता. त्याच तुकडीला एकदा माळावरच थांबवून व एकदा जंगलात पोचवून पाहिले, की तो उघड होतो. १९७४ च्या ‘पॅन्झर लीडर’ ह्या पुढील खेळात शत्रूच्या हालचालीच्या वेळीच मारा करण्याची तरतूद करण्यात आली.

कसोटीचे मोल

खेळातील निकाल न तपासता फेटाळल्यास काय होते, ह्याचा दाखला १९४२ चा आहे. मिडवेच्या मोहिमेपूर्वी, मे महिन्याच्या आरंभी, ‘यामातो’ ह्या युद्धनौकेवर जपानी आरमाराने युद्धखेळ मांडला. युद्धोत्तर काळात प्रसिद्ध झालेल्या जपानी अधिकाऱ्यांच्या वृत्तांतानुसार, फाशाने मिडवेवरून आलेल्या विमानांचे ९ बाँब अचूक ठरवून ‘आकागी’ व ‘कागा’ ह्या विमानवाहू नौका बुडविल्या. प्रमुख पंच असलेल्या ॲडमिरल उगाकी ह्यांनी ही संख्या ३ वर आणली. ‘कागा’ तरीही बुडाली, पण पुढील टप्प्यात तिलाही खेळात परत घेण्यात आले. ४ जून १९४२ रोजी सुरू झालेल्या लढाईत ह्या दोहोंसह चार विमानवाहू नौका जपानने गमावल्या.

ह्यावरून फासा भविष्यवेत्ता होता असे मात्र म्हणता येत नाही. मिडवे बेटावरील विमानांचा एकही बाँब त्या नौकांना प्रत्यक्षात लागला नाही. त्या बुडाल्या त्या अमेरिकी विमानवाहू नौकांवरील विमानांच्या माऱ्याने. नऊ ही संख्या अवास्तव आहे ही उगाकींची शंका निराधार नव्हती. प्रमाद शंकेत नव्हता. कोष्टक न तपासता केवळ नकोसा निकाल बदलण्यात तो होता. आणि त्यामुळे, विमाने दूर गेली असता आपल्या नौका उघड्या पडतात, हा खेळाने दाखविलेला खरा धोकाही आकड्याबरोबरच पुसला गेला.

त्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये ह्याच्या उलट घडले. जानेवारी १९४२ मध्ये गिल्बर्ट रॉबर्ट्स ह्या नौदल अधिकाऱ्याकडे डर्बी हाउस येथे युद्धखेळाचे एक पथक उभारण्याचे काम सोपविले गेले. पाणबुड्या ताफ्याबाहेरून हल्ला करतात अशी समजूत होती; मग ताफ्याच्या आतील रांगांतील जहाजे कशी बुडतात, हे कोडे होते. महिला नौदल सेवेतील तरुणींच्या साहाय्याने रॉबर्ट्स ह्यांनी जमिनीवर खडूने मार्ग आखून निरनिराळ्या शक्यता मांडून पाहिल्या. पाणबुडी रात्री पृष्ठभागावरून, ताफ्याच्या मागील बाजूने आत शिरते, हे गृहीतक तेवढे घटनांशी जुळले. त्यावरून ‘रास्पबेरी’ नावाची प्रतिचाल तयार झाली व ती रक्षक नौकांच्या अधिकाऱ्यांना शिकविण्यात आली.

दोन्ही ठिकाणी पुढे आलेली गोष्ट अपेक्षेविरुद्धच होती. एकीकडे ती गैरसोयीची म्हणून दूर सारली गेली. दुसरीकडे तिलाच प्रश्न मानून तिची फोड केली गेली. अपेक्षा आधी लिहून ठेवावी, एका वेळी एकच घटक बदलावा, प्रत्येक नोंद स्थळासह करावी आणि निकाल नावडता आहे एवढ्यासाठी तो बदलू नये. ही शिस्त पाळली, तर विसंगत वर्तन हा खेळाचा कलंक न राहता ज्ञानाचे साधन होते. ती न पाळल्यास फासा कितीही निःपक्षपाती असला, तरी तो टाकणारा हात तसा राहत नाही.