डिटरमाईन की डिटर्मिन? इंग्रजी स्पेलिंग असं का वागतं

मी बोलतोय माढ्यातून. ज्यांना एसटीत रेंज मिळत नाही, किंवा घरच्यांसमोर कानात इयरफोन घातला की बोलणी बसतात, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. मधलं "अं… म्हणजे काय की…" तेवढं काढलंय. बाकी जसं बोललो तसं.

आजचा विषय माझ्या चुलत बहिणीमुळं सुचला. ती अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता सगळी पुस्तकं इंग्रजीत. परवा म्हणाली, "दादा, सरांनी उठून वाचायला सांगितलं की मी म्हणते घसा बसलाय. एकदा वाचलं आणि सगळा वर्ग हसला. आता नाय वाचणार." मी विचारलं, कोणत्या शब्दाला हसले? तर म्हणाली, "डिटरमाईन."

मी गपच झालो. कारण हाच शब्द, अगदी असाच, मी पुण्यात एका इंटरव्ह्यूत म्हणलो होतो. समोरचा माणूस फक्त हसला आणि म्हणाला, "डिटर्मिन." पुढची वीस मिनिटं मला येत असलेली उत्तरंसुद्धा मी दिली नाहीत. तोंड उघडायचीच भीती वाटायला लागली. नोकरी गेली ती इंग्रजीमुळं नाही, त्या भीतीमुळं गेली.

म्हणून आज बघू, एम-आय-एन-ई माईन होतं, तर डिटर्मिनमध्ये ते मिन का होतं? आणि मशीनमध्ये ईन का होतं?

सुरुवात आपल्या गावापासून करू. माढा इंग्रजीत कसं लिहितो? एम-ए-डी-एच-ए. निवडणुकीच्या वेळी एका हिंदी चॅनेलवर आमच्या मतदारसंघाचं नाव 'माधा' असं ऐकलं आणि आम्ही सगळे हसलो. पण त्या बाईंची चूक काय? तेच स्पेलिंग माढा, मढा, माधा, मधा, चारही प्रकारे वाचता येतं. त्यांनी गावाचं नाव कधी कानानं ऐकलंच नव्हतं, फक्त डोळ्यानं वाचलं होतं. आपण 'डिटरमाईन' म्हणतो तेव्हा आपलंही अगदी हेच झालेलं असतं.

आता मूळ अडचण. इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच: ए, ई, आय, ओ, यू. आणि तोंडातून निघणारे स्वर? ब्रिटिश उच्चार धरले तर साधारण वीस. पाच पाटांवर वीस माणसं जेवायला बसवायची म्हणल्यावर काय होणार? एका पाटावर चार-चार जण बसणार. म्हणून कॅट, केक, कार, कॉल या चारही शब्दांत अक्षर एकच, ए. आवाज मात्र चार.

आपल्याकडं उलटी अडचण आली होती. इंग्रजी शब्द आले, पण त्यातले दोन आवाज आपल्या बाराखडीत नव्हते. जुन्या पुस्तकांत 'ब्यांक' छापलेलं दिसतं. माझा आज्जा डाक्टर आणि हापिस म्हणायचा. मग आपण काय केलं? डोक्यावर चंद्र काढला आणि ॲ, ऑ तयार केले. महाराष्ट्र शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात वर्णमालेत या दोन्ही स्वरांना जागा दिलेली आहे. म्हणजे नवा आवाज आला, तर आपण नवं अक्षर केलं. इंग्रजीनं तसं केलं नाही. तिनं जुनीच पाच अक्षरं जोडून-तोडून वापरली: ओ-ओ, ई-ए, ए-आय, शेवटी एक मुका ई. पसारा तिथून सुरू झाला.

पण एवढ्यानं गोंधळ पूर्ण होत नाही. खरी गंमत इतिहासात आहे.

सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधला माणूस 'नेम' हा शब्द कसा म्हणायचा माहितीये? जवळजवळ 'नामअ'. हो, आपल्या 'नाम'सारखा! 'टाईम'ला म्हणायचे 'टीम'सारखं काहीतरी, आणि 'हाऊस'ला 'हूस'. तेव्हा स्पेलिंग आणि उच्चार बऱ्यापैकी जुळत होते. मग साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर हळूहळू आपापली जागा सोडून सरकले. आ सरकून ए झाला, ए सरकून ई झाला आणि ईचा झाला आय. याला ग्रेट व्हॉवेल शिफ्ट म्हणतात. हे नाव दिलं ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषाअभ्यासकानं.

आता नेमकं याच काळात, 1476 च्या सुमारास, विल्यम कॅक्स्टननं इंग्लंडमध्ये छापखाना आणला. छपाईमुळं स्पेलिंग हळूहळू पक्कं व्हायला लागलं. 1755 साली सॅम्युएल जॉन्सनचा शब्दकोश आला, तोवर बहुतेक स्पेलिंग घट्ट झालेलं होतं. म्हणजे तोंड पुढं चालत राहिलं आणि कागद मागंच थांबला. आज आपण स्पेलिंग पाठ करतो ते एका अर्थानं सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे उच्चार पाठ करतो.

आणि एक गंमत सांगू? तुम्ही व्हॉट्सॲपवर 'काय करतोय' हे इंग्रजी अक्षरांत टाईप करता, तेव्हा ए म्हणजे अ किंवा आ, आय म्हणजे इ, यू म्हणजे उ असंच धरता ना? हीच स्वरांची ती जुनी किंमत. इटालियन, स्पॅनिश लोक आजही तीच वापरतात. इंग्रजीच तेवढी तिथून निघून गेली.

आता 'नामअ'मधला शेवटचा तो बारका अ बघा. तो बोलण्यातून गळला, पण कागदावर ई म्हणून राहिला. शाळेत याला मॅजिक ई म्हणतात: कॅप आणि केप, हॉप आणि होप, बिट आणि बाईट. स्वतः गप्प बसतो, पण मागच्या स्वराला त्याचं आजचं नाव घ्यायला लावतो. आणि हसू नका, आपणही हेच करतो. 'राम' लिहिताना शेवटी पूर्ण म लिहितो, म्हणताना 'राम्' म्हणतो. 'घर' लिहितो, 'घर्' म्हणतो. आपला तो अ पण मुकाच झालाय की!

"मराठी जशी बोलतो तशीच लिहितो" असं कोणी म्हणालं ना, तर त्याला 'चार' आणि 'चारा' म्हणायला सांगा. च एकच, आवाज दोन. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, हे मोठ्यानं म्हणा. कानाला फरक कळतो का? फारसा नाही. मोडी लिपीत तर ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळतच नसत. म्हणूनच जहाजवालं 'शिप' आणि मेंढीवालं 'शीप' आपल्या तोंडातून सारखंच निघतं. यात आपली जीभ जड आहे असं काही नाही. आपल्या भाषेत त्या फरकावर बोलताना फार काही अडत नाही, म्हणून कानाला त्याची सवय नसते. सवय मात्र लावता येते.

आता सगळ्यांचा लाडका प्रश्न. सी-यू-टी कट, तर पी-यू-टी पुट का? 1975 च्या 'चुपके चुपके'मध्ये धर्मेंद्र असाच प्रश्न विचारून समोरच्याला भंडावून सोडतो: टी-ओ टू, डी-ओ डू, मग जी-ओ गो का? सिनेमात उत्तर मिळत नाही, पण कट-पुटचं उत्तर आहे. पूर्वी दोन्हीकडं उच्चार उच होता. साधारण सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये हा उ बदलून अ व्हायला लागला. पण जिथं आधी पी, बी, एफ आहे, म्हणजे ओठ आधीच जवळ आलेले आहेत, तिथं बऱ्याच शब्दांत उ टिकून राहिला: पुट, पुश, पुल, बुल, बुश, फुल. सगळीकडं नाही, कारण बट आणि फनसुद्धा आहेत. पण निदान कारण तरी कळलं! आणि उत्तर इंग्लंडमध्ये आजही कित्येक लोक बसला 'बुस' म्हणतात. त्यांना कोणी अडाणी म्हणत नाही.

बरं, मग 'सन' म्हणजे मुलगा, 'लव्ह', 'कम' यांत ओ कशाला? नेहमी दिलं जाणारं कारण असं, की हातानं लिहायच्या काळात यू, एम, एन, व्ही ही सगळी अक्षरं उभ्या काड्यांची असायची. शेजारी-शेजारी आली की नुसतं कुंपण दिसायचं. मग लिहिणाऱ्यांनी वाचायला सोपं जावं म्हणून यूच्या जागी ओ काढला. उच्चार तसाच राहिला.

आता येऊ आपल्या 'डिटर्मिन'कडं. आय-एन-ई या शेपटाचे तीन उच्चार आहेत, आणि तिन्हींना कारण आहे.

पहिला, माईन, फाईन, लाईन. जुने, छोटे शब्द. त्यातला ई सरकून आय झाला.

दुसरा, मशीन, मॅगझीन, रूटीन. हे फ्रेंचमधून आलेले शब्द. त्यांनी आयचा फ्रेंच उच्चार, म्हणजे ई, तसाच ठेवला. पोलीसमधला ई पण तोच.

तिसरा, डिटर्मिन, इमॅजिन, इग्झॅमिन, मेडिसिन. यात जोर आधीच्या भागावर येतो: डि-टर्-मिन, इ-मॅ-जिन. शेवटापर्यंत येताना जोर संपतो आणि स्वर बारीक होतो.

हा जोराचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. इंग्रजीत ज्या भागावर जोर नाही, तिथला स्वर बहुतेक वेळा विरघळून आपल्या अर्ध्यामुर्ध्या अ सारखा होतो. मग अक्षर कोणतंही असू दे. 'अबाऊट'मधला ए, 'टेकन'मधला ई, 'पेन्सल'मधला आय, 'लेमन'मधला ओ, 'सर्कस'मधला यू, पाचही अक्षरांचा आवाज एकच, बारका अ. इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरला जाणारा स्वर हाच. आणि तो आपल्याला जन्मापासून येतो!

आता माझ्या आज्जाची गोष्ट. आज्जा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात होता. शाळा चौथीपर्यंत. सिग्नलला शिंगल आणि स्टेशनला ठेसन म्हणायचा. पण एक शब्द तो शेवटचा स्वर अगदी बरोबर ठेवून म्हणायचा: इंजिन. त्याचं स्पेलिंग बघा, शेवटी तेच आय-एन-ई! आज्जानं आयुष्यात कधी 'इंजाईन' म्हणलं नाही. का? कारण त्यानं तो शब्द कधी वाचलाच नाही, फक्त ऐकला. आणि मी 'डिटरमाईन' म्हणलो, कारण तो शब्द मी शंभरदा वाचला होता, पण कोणाच्या तोंडून एकदाही ऐकला नव्हता.

इथंच खरी गोम आहे. आईच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. 2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत ते पहिलीपासून सुरू झालं. वर्षं वाढली, पण कानावर पडणारं इंग्रजी तेवढं वाढलं नाही. आपल्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी आठवा, 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळालेले. त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, स्कॅन केलं की कविता ऐकू येते, व्हिडिओ बघता येतो. म्हणजे पुस्तकाला आवाज दिला. आपल्या खिशातल्या फोनचा तोच उपयोग करायचाय.

तर करायचं काय? तीन गोष्टी.

एक, नवा शब्द दिसला की आधी डिक्शनरीतलं स्पीकरचं बटण दाबा, मग अर्थ बघा. आणि ऐकताना एकच शोधा: जोर कुठं आहे?

दोन, शब्द एकेकटे पाठ करू नका, भावकीसकट लिहून ठेवा. ई-ए चा उच्चार बऱ्याचदा ई होतो: टीम, सीट, मीट. कधी ए होतो: ब्रेड, हेड. लांबट ए म्हणायचे रोजच्या वापरातले शब्द तीनच: ग्रेट, ब्रेक, स्टेक. तेवढे वेगळे लक्षात ठेवले की झालं.

तीन, रोज पाच मिनिटं मोठ्यानं वाचा. म्हशीसमोर वाचा, ती हसत नाही.

बहिणीला हे सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "म्हणजे मी डिटरमाईन म्हणाले ते चूक नव्हतं?" म्हणलं, चूक होतं, पण अडाणीपणाची चूक नव्हती. तू नियम लावलास, तो नियम त्या शब्दाला लागू नव्हता एवढंच. आणि जो वाचताना चुकतो, त्यानं तो शब्द स्वतः पुस्तकात गाठलेला असतो. हसणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पान उघडलं होतं?

काल रात्री तिचा व्हॉइस मेसेज आला. केमिस्ट्रीच्या धड्याचं अख्खं पान वाचून पाठवलंय. दोन ठिकाणी अडखळली, एका ठिकाणी चुकली. डिटर्मिन मात्र बरोबर म्हणाली. सोमवारी वर्गात वाचणार आहे म्हणे.

तुम्ही असा कोणता शब्द फक्त वाचून शिकलात आणि चारचौघांत चुकलात? व्हॉइस मेसेज करून पाठवा, पुढच्या भागात त्या शब्दांची भावकी काढू. तोवर वाचत राहा, मोठ्यानं!