विनाइलखालची जमीन

न्हाणीघराला विनाइल घालावयाचे ठरले की घरमालक आधी रंग निवडतो. आम्ही कामगारांची माणसे म्हणतो, आधी खालची जमीन पाहा. विनाइल दोन-तीन मिलिमीटर जाडीचे. खालचा प्रत्येक खडा त्यावर उमटतो. शिवाय ते ओल वर येऊ देत नाही. ओल कोंडली की चिकटद्रव्य सुटते, फुगे येतात.

म्हणून सुटलेला कोबा काढावा, भेगा बुजवाव्यात, उंचवटे घासावेत. मोरीकडचा ढाळ मात्र राखावा. मग दीड फूट चौरस प्लॅस्टिक चारी कडांनी चिकटवून एक दिवस-रात्र ठेवावे. खाली दव धरले तर थांबावे. नवा कोबा सुकावयास दर इंच जाडीमागे सुमारे १ महिना लागतो.

जुन्या विनाइलमध्ये व त्याखालच्या काळ्या डांबरी थरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. तपासणी केल्यावाचून ते खरवडू नये. ती धूळ कामगाराच्या फुप्फुसात जाते.

पण थांबावयाचे कोणाच्या पैशाने? रोजंदारीवरच्या गवंड्याला खाडा परवडत नाही, आणि काम उखडले की दोष त्याच्याच माथी. तेव्हा मजुरी ठरवतानाच सुकण्याचे दिवस हिशेबात धरा. पक्क्या जमिनीचा पाया तोच आहे.